या चुका टाळा: अर्थव्यवस्थेच्या वाढीत कोणत्या क्षेत्राचं किती योगदान, हे काढताना

'सेवा क्षेत्राचा वाटा ५४ टक्के, म्हणजे वाढीतलं योगदानही ५४ टक्के.' हे गणित चुकीचं आहे. योगदानासाठी दोन आकडे लागतात: क्षेत्राचा आदल्या वर्षीचा वाटा आणि यंदाचा वाढदर. त्यांचा गुणाकार करून १०० ने भागायचं.

समजा आदल्या वर्षी शेती १८, उद्योग २८, सेवा ५४ टक्के आणि वाढदर अनुक्रमे ४, ६, ८ टक्के. मग भर पडते ०.७२, १.६८ आणि ४.३२ ची. बेरीज ६.७२, हाच एकूण वाढदर. त्यात सेवांचं योगदान ६४ टक्के, शेतीचं जेमतेम ११. बेरीज जुळत नसेल तर बहुधा वाटा यंदाचा घेतलेला असतो, नाहीतर वाटा चालू किमतींचा (त्या-त्या वर्षीच्या भावाने मोजलेला) आणि वाढदर स्थिर किमतींचा (एकाच ठरावीक वर्षाच्या भावाने, म्हणजे महागाई वगळून मोजलेला). दोन्ही स्थिर किमतींचेच घ्या.

वाटा वाढला म्हणजे क्षेत्र जोमात, असंही नाही. २०२०-२१ मध्ये भारतात शेतीचा वाटा १८ वरून २० टक्क्यांच्या आसपास गेला. शेती थोडी वाढली हे खरं, पण टाळेबंदीत बाकीचा पसारा आकसला म्हणून तिचा वाटा फुगला.

क्षेत्राचा वाटा काढताना उलाढालींची बेरीज करू नका, मूल्यवर्धनाची करा: विक्रीतून बाहेरून घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा जाता उरतं ते. कारखान्याने ३,००० रुपयांचा ऊस घेतला, इंधन, रसायनं आणि वाहतुकीवर ३०० खर्चले आणि साखर व मळी ४,००० ला विकली, तर त्याचं मूल्यवर्धन ७०० रुपये. उसाचे ३,००० शेतीच्या खात्यात आधीच आलेले असतात (तिथेही खत, बियाणं, डिझेल वजा होतंच). कामगारांचा पगार मात्र वजा करायचा नाही. तो मूल्यवर्धनाचाच भाग. नफ्याच्या सवयीने इथे हमखास घोळ होतो.

खाणकाम कुठे धरलंय ते तक्त्यात आधी पाहा: काही ठिकाणी प्राथमिक क्षेत्रात, काही ठिकाणी उद्योगात. क्षेत्रांची बेरीज सकल मूल्यवर्धनाएवढी येते, जीडीपीएवढी नाही. उत्पादनांवरचे कर मिळवून अनुदानं वजा केली की जीडीपी. तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, नाहीतर खरिपाची आवकच 'वाढ' म्हणून दिसेल.

आणि वरच्या उदाहरणात योगदान ११ टक्के आलं म्हणून शेती बिनमहत्त्वाची ठरवू नका: २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीतच होते. प्रश्न रोजगाराचा असेल तर वाढीचा तक्ता बाजूला ठेवून रोजगाराचा तक्ता उघडा.