एचडी चॅनेल जास्त मिळतात म्हणून डीटीएच कंपनी बदलताय? आधी या चुका टाळा

सिंहगड रोडला माझा मामा राहतो. त्यानं ५५ इंची टीव्ही घेतला आणि आठ दिवसांत मला फोन, "अरे ह्या डीटीएचवाल्यांचं पिक्चर अगदीच घाण दिसतंय, दुसऱ्या कंपनीकडे एचडी चॅनेल जास्त आहेत म्हणे, बदलून टाकू का?" म्हटलं थांब, रविवारी येतो. गेलो, टीव्हीच्या मागे हात घातला तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी वायर! जुन्या टीव्हीची तीच वायर, नव्या टीव्हीच्या खोक्यात आलेला छोटा अॅडॉप्टर लावून कोणीतरी जोडून दिली होती आणि एचडी चित्र नेणारी एचडीएमआय केबल बॉक्सच्या खोक्यात तशीच पिशवीत बंद. एचडीचे पैसे मामा तीन वर्षं नियमानं भरत होता आणि बघत होता साधं.

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक ही. पिक्चर घाण दिसलं की दोष कंपनीचा असं धरून चालायचं. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, बॉक्स कितीही भारी असला तरी. एचडीएमआय लावली तरी काम संपत नाही, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट काय आहे ते बघा, बऱ्याच ठिकाणी ते ५७६ वर अडकलेलं सापडतं, ते १०८० करायचं. आणि बॉक्सच मुळात साधा, म्हणजे एसडीवाला असेल (समोर एचडीचा शिक्का आहे का बघा) तर मग सेटिंगमध्ये कितीही शोधा काही होणार नाही, पण तेव्हासुद्धा कंपनी बदलायची गरज नाही, आहे त्याच कंपनीकडे बॉक्स अपग्रेड मिळतो का ते आधी विचारा.

दुसरी गंमत चॅनेल नंबरची. एकाच चॅनेलचा साधा नंबर वेगळा, एचडीचा वेगळा. मामीला सगळे नंबर पाठ, पण ते एसडीचे. पॅकमध्ये एचडी आहे, पैसे जातायत, आणि रोज संध्याकाळी सात वाजता बोट जुन्याच नंबरवर. ह्यातून अजून एक होतं, तोच चॅनेल एका पॅकमधून साधा आणि दुसऱ्या पॅकमधून एचडी असा दोनदा येत असतो आणि आपण दोन्हीचे पैसे भरतो. एका चॅनेल कंपनीच्या एकाच पॅकमध्ये दोन्ही टाकायला ट्रायच्या (टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमात बंदी आहे, पण तुम्ही स्वतःच दोन वेगवेगळे पॅक घेतलेत तर तुम्हाला कोण अडवणार. अॅपमध्ये जाऊन चॅनेलची पूर्ण यादी एकदा उघडा. मामाकडे असे पाच डुप्लिकेट निघाले.

टीव्ही मोठा घेतला की फरक का जाणवतो ते पण सांगतो, कारण ह्यावरून बरेच जण फसतात. साधं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण ४ लाख ठिपके. एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख. आणि फोरके टीव्हीच्या पडद्यावर ठिपके ८३ लाख. म्हणजे ४ लाख ठिपक्यांचं चित्र ताणून ताणून ८३ लाखांवर पसरायचं, मग ते पाणी घातलेल्या आमटीसारखं दिसणारच. तेच चित्र जुन्या ३२ इंचीवर दहा फुटांवरून बघाल तर ठीकठाक वाटतं, आणि बेडरूममध्ये असा लहान टीव्ही असेल तर तिथे एचडी पॅकचे पैसे घालवू नका असंच मी म्हणेन, भले कोणी काहीही म्हणो.

बरं, हे सगळं तपासलं, वायर बरोबर, नंबर बरोबर, आणि तरी हवे ते चॅनेल एचडीत मिळतच नाहीयेत. मग आता बदलायचा विचार सुरू करायला हरकत नाही. पण इथे लोक जाहिरातीतला आकडा बघतात. ह्यांच्याकडे इतके एचडी, त्यांच्याकडे तितके. तो आकडा बाजूला ठेवा आणि घरात आठवडाभर खरंच काय लागतं ते कागदावर लिहा. आमच्या घरात दहाच्या वर गेलं नाही, तुमच्याकडेही फार जाणार नाही. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी ह्यांचे एचडी आहेत, सिनेमासाठी झी टॉकीज आणि प्रवाह पिक्चर एचडीत आहेत, क्रिकेटचे आहेत. बातम्यांचे मराठी चॅनेल बहुतेक सगळे साधेच, त्यामुळे "तिकडे गेलो की बातम्या पण झकास दिसतील" ह्या आशेवर राहू नका. चॅनेल एचडीत काढायचा का नाही हे चॅनेलवाला ठरवतो, डीटीएचवाला फक्त तो तुमच्या घरापर्यंत आणतो किंवा आणत नाही. मग आकड्यातला फरक कुठून येतो? बराचसा दुसऱ्या भाषांतून. तमिळ, तेलुगू, बांगला, मल्याळम. सन डायरेक्टचा भरच दक्षिणेकडच्या भाषांवर आहे. घरात कोणी तमिळ बघणारं असेल तर ते सोनं आहे, नसेल तर आकडा नुसता आकडा.

आणि एखाद्या चॅनेलसाठी म्हणून तर कधीच बदलू नका. एचबीओ आठवतंय ना? इंग्रजी पिक्चरसाठी लोक त्याच्यावर जीव टाकायचे. डिसेंबर २०२० मध्ये एचबीओ आणि डब्ल्यूबी दोन्ही भारतात बंद झाले, सगळ्याच कंपन्यांवर. उलटही होतं, आज नसलेले चॅनेल उद्या येतात, कारण एचडीला उपग्रहावर जागा जास्त लागते आणि जागा मिळाली की चॅनेल वाढतात. जून २०२२ मध्ये जीसॅट-२४ हा उपग्रह सोडला, त्याची सगळीच्या सगळी जागा टाटा प्लेनं घेतलीय. म्हणजे आज ज्याच्याकडे कमी आहेत त्याच्याकडे कायम कमीच राहतील असं नसतं.

आता जो मुद्दा कोणीच सांगत नाही आणि पुण्यात ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. छत्री कुठे बघते?

जवळजवळ प्रत्येक कंपनीचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. टाटा प्ले ८३ अंश पूर्व, डीटूएच ८८, सन डायरेक्ट आणि डीडी फ्री डिश ९३.५, डिश टीव्ही ९५, एअरटेल १०८.२. हे सगळे विषुववृत्तावर असतात, त्यामुळे पुण्यातून छत्री दक्षिण-पूर्वेच्या बाजूलाच बघते, पण सगळ्यांची सारखी नाही. ८३ साठी ती बरीचशी दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून साधारण ६६ अंश वर बघते. ९५ साठी साधारण ५८ अंश. १०८.२ साठी दक्षिणेपेक्षा पूर्वेकडे जास्त, आणि उंची फक्त ४५ अंशांच्या आसपास. ह्याचा अर्थ काय? त्या त्या दिशेला तुमच्यापासून २० मीटरवर बिल्डिंग असेल तर ६६ अंशवाल्या छत्रीला ती छत्रीच्या वर साधारण ४५ मीटरपर्यंत चालते, ४५ अंशवालीला २० मीटर, म्हणजे सहा-सात मजले, की संपलं. कंपनी चांगली का वाईट ह्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही, नुसती भूमिती आहे.

आता कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, जिकडे बघाल तिकडे रिडेव्हलपमेंट. तीन मजली सोसायटी पाडून अकरा-बारा मजले. आमच्या समोरची सोसायटी पाडली तेव्हा आम्ही खुश, ऊन यायला लागलं. दीड वर्षात टॉवर उभा राहिला आणि एक दिवस टीव्हीवर नो सिग्नल. आम्ही कस्टमर केअरला भांडतोय आणि कारण समोर सिमेंटचं उभं. शेवटी छत्री बाल्कनीतून उचलून गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, वायर वाढली, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागला ते वेगळंच. तेव्हा कंपनी बदलायच्या आधी मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन गच्चीत किंवा बाल्कनीत उभं राहा आणि त्या दिशेला आकाश मोकळं आहे का बघा. जुन्या छत्रीचा कल बघून अंदाज बांधू नका, ह्या छत्र्यांची बनावटच अशी असते की दिसायला उभ्या वाटतात पण प्रत्यक्षात बरंच वर बघत असतात. आणि समोर पाटी लागली असेल ना बिल्डरची, तर किती मजले येणार ते पण विचारून घ्या.

पावसाळ्याबद्दल थोडंसं. जूनमध्ये जोराचा पाऊस आला की चित्र जातं आणि लोक वैतागून कंपनी बदलतात. सगळे डीटीएच केयू बँड नावाच्या लहरींवरच चालतात, जोराचा पाऊस त्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे नव्या कंपनीचंही जाणारच. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत परत आलं तर तो पाऊस. पाऊस थांबूनही येत नसेल किंवा पाऊस नसतानाही अडकत असेल तर छत्रीजवळची पिन काढून बघा, आत हिरवा गंज दिसेल, नवी पिन लावली की काम झालं. आणि अर्धे चॅनेल दिसतात अर्धे नाही असं असेल तर ते चॅनेल कंपनीनं काढलेत असं लगेच समजू नका. बॉक्स त्याच वायरीतून छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला कधी १३ कधी १८ व्होल्ट पाठवतो, त्यावर एलएनबी ठरवते की कुठल्या गटातले चॅनेल घ्यायचे. वायर जुनी, सांधे गंजलेले, की १८ पूर्ण पोचत नाहीत आणि नेमका एक गट गायब. "आमच्याकडे एचडी येतच नाहीत" ह्या तक्रारीमागे कधीकधी हीच वायर असते.

पैशाचं गणित करताना लोक पॅकची किंमत पॅकशी लावतात. तसं नाही. पॅक, अधिक एनसीएफ (चॅनेल घरापर्यंत पोचवायचे कंपनी दर महिन्याला वेगळे लावते ते पैसे), अधिक १८ टक्के जीएसटी, सगळं मिळून महिन्याला हातातून काय जातं ते बघा. २०१९ मध्ये नवीन नियम आले तेव्हा एनसीएफ सगळीकडे जास्तीत जास्त १३० रुपये होता, टॅक्स धरून १५३ रुपये ४० पैसे, त्यात १०० चॅनेल, आणि ते मोजताना एक एचडी म्हणजे दोन धरायचे. २०२० मध्ये तेवढ्यातच २०० चॅनेल झाले. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही वरची मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता कोण किती लावतो हे ज्याचं त्याचं. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचे पैसे वेगळे, ते आवर्जून विचारा, तिथेच सगळी बचत वाहून जाते.

बॉक्स मात्र नवीनच घ्यावा लागतो. मोबाईल नंबरसारखं पोर्टिंग इथे नाही. कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स असावा अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्येच केली होती, पण दुकानात जाऊन असा बॉक्स मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे बघून हसेल. म्हणून सोडताना जुना बॉक्स विकतचा आहे का भाड्याचा ते बिल काढून बघा, भाड्याचा असला तर परत केल्याची पावती घ्या आणि ती जपून ठेवा. माझ्या एका मित्राला बॉक्स देऊन चार महिने झाल्यावर "बॉक्स जमा करा" म्हणून फोन येत होते आणि ह्याच्याकडे कागद नाही. जुन्या खात्यातले पैसे संपत आले की मगच नवीन घ्या, आणि नव्याकडे पहिल्याच दिवशी वर्षाचा रिचार्ज मारू नका, बॉक्स बसवायला आलेला पोरगा कितीही म्हणाला "सर आजच ऑफर आहे" तरी. एक महिन्याचा मारा, एक पावसाचा दिवस जाऊ दे, मग बघू.

आणि हो, फायबर इंटरनेट असेल घरात तर मालिका अॅपवर पण एचडीत दिसतातच, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. क्रिकेटचं सांगतो पण, अॅपवरची मॅच थोडी मागे चालते. शेजारी छत्रीवाले असतील तर विकेट पडल्याचा आरडाओरडा तुम्हाला आधी ऐकू येणार आणि चेंडू नंतर दिसणार. हे सहन होत असेल तर बघा.

मामानं शेवटी कंपनी बदललीच नाही. दीड मीटरची एचडीएमआय घरातच होती, ती लावली, पाच डुप्लिकेट काढले, बिल जवळजवळ पन्नास रुपयांनी उतरलं. एचडीचे सगळे नंबर मामीनं कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, दुधाच्या हिशोबाच्या खाली.