घरी रेट्रो गेमिंग कन्सोल बनवताय? या चुका टाळा

गेम रंगात आला आणि कन्सोल रीस्टार्ट झाला, की सगळ्यांचा पहिला संशय मेमरी कार्डावर. मीही तीनदा कार्ड फॉरमॅट करून रेट्रोपाय, म्हणजे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाकलं. दोष निघाला बॅटरीकडून येणाऱ्या बारीक वायरींत. म्हणून सांगतो, आधी वीज तपासा.

लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला लागतात ५. व्होल्टेज वाढवण्याचं मधलं काम बूस्ट कन्व्हर्टर करतो. पण गेमचा लोड आला की बारीक वायर आणि स्वस्त स्विच थोडे थोडे व्होल्ट खातात. बोर्डापाशी ४.६३च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. मल्टिमीटर कन्व्हर्टरवर नको, बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर लावा, आणि तोही गेम चालू असताना. मेनूवर ५.०५ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरी चूक चार्जिंगची. सेल चार्ज करणारं टीपी४०५६ मॉड्यूल करंट ठरलेल्याच्या एक दशांशावर आला की चार्जिंग थांबवतं. त्याच वायरींवरून गेमही चालू असेल, तर करंट तेवढा उतरतच नाही आणि भरलेला सेल ताणला जातो. खेळता खेळता चार्ज करायचं असेल तर लोड शेअरिंग असलेलाच, म्हणजे चार्जिंग आणि गेमची वीज वेगळी ठेवणारा, बोर्ड घ्या. बॅटरीच्या कनेक्टरची लाल-काळी वायर रंगावर विसंबून जोडू नका, मीटरने बघा; काही बॅटऱ्यांत ती उलटी येते. फुगलेला सेल तर मुळीच वापरू नका.

चित्र अडखळतंय, आवाज मात्र सुरळीत? मग स्क्रीन बघा. ३२० बाय २४०च्या एसपीआय स्क्रीनला (हिला चित्र एकेक बिट करून जातं) १६ बिट रंगात एका फ्रेमसाठी सुमारे १२.३ लाख बिट लागतात. क्लॉक, म्हणजे बिट पाठवण्याचा वेग, ३२ मेगाहर्ट्झ असेल तर सेकंदाला फार तर २६ फ्रेम. गेमला हव्यात ६०. इथे इम्युलेटरची (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग कितीही बदला, फरक पडत नाही. स्क्रीनला झेपत असेल तर क्लॉक वाढवा.

बटणं जीपीआयओ (बोर्डाच्या इनपुट-आउटपुट पिना) आणि ग्राउंडमध्येच जोडा. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट लागले तर चिप जाते.

आणि थेट स्विचने वीज तोडू नका, मेनूतून शटडाउन करा. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डातल्या फाइल खरोखरच बिघडतात.

केसचे स्क्रू आवळण्याआधी बॅटरीवर सलग तासभर खेळा आणि मधूनमधून मीटर लावत राहा.