लिंबाची कोवळी पालवी अळी खातेय? आधी पान उलटून बघा

पावसाळ्यात लिंबाला नवीन पालवी फुटली की दोन दिवसांत नुसते देठ उरतात, असं होत असेल तर औषध आणायला पळू नका, आधी सकाळी झाडाजवळ जाऊन पानं नीट बघा. पक्ष्याची शिट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो ना, ती शिट नसते, लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते! मी पहिल्या वर्षी ती शिटच समजून सोडून दिली आणि अख्खं रोप बोडकं झालं. मोठी झाली की ती हिरवीगार होते, मग पानात सापडत नाही, हात लावला तर डोक्यामागून लालसर शिंगं काढते आणि घाण वास मारते, पण चावत वगैरे नाही. कुंडीतलं किंवा परसातलं एखाद-दुसरं झाड असेल तर हाताने वेचणं हाच बेस्ट उपाय, शेंड्यावरची बारीक पिवळसर अंडीपण पुसून टाका.

पानावर चंदेरी नागमोडी रेघा असतील आणि पान आकसलं असेल तर ती नागअळी, ती पानाच्या आत असते त्यामुळे वेचता येत नाही. तिच्यासाठी पालवी अगदी कोवळी असतानाच लिटरला ५ मिली निंबोळी तेल, आधी थोड्या लिक्विड सोपमध्ये घोळून, संध्याकाळी फवारायचं, ८-१० दिवसांनी परत. भर उन्हात मारलंत तर पानं करपतात. आणि युरिया जरा कमी टाका, सारखी लुसलुशीत पालवी म्हणजे अळ्यांना पंगतच.