महाटेंडर्सवर पहिली निविदा भरताना

जळगाव एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शाळेचे डेस्क-बेंच बनवतो. सरकारी काम ओळखीवरच मिळतं, हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. पण राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर भुसावळचा किंवा शहाद्याचा नवखा माणूसही दर टाकू शकतो, आणि ठरलेल्या वेळेआधी त्याचा लिफाफा कुणालाच उघडता येत नाही. मला याचं फार मोल वाटतं. म्हणून शेजारच्या गाळ्यातलं कुणी "भो, हे कसं भरायचं?" म्हणत आलं की मी हातातलं काम ठेवून बसतो.

आधी वर्ग ३ ची डिजिटल सही काढा. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते. पोर्टलवर नोंदणी करून ती आपल्या लॉगिनला जोडावी लागते. टोकन पिनसकट दुसऱ्याकडे ठेवू नका. ती तुमची सही आहे.

पॅन, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), ताळेबंद हे नेहमीचे कागद १०० डीपीआयवर काळेपांढरे स्कॅन करून पोर्टलवरच्या 'माय स्पेस'मध्ये एकदाच चढवून ठेवा.

निविदा मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) किती, उद्यमवाल्यांना त्यात सूट आहे का, दर जीएसटी धरून की वगळून, आणि माल कुठे उतरवायचा. हे शेवटचं लोक सोडून देतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळांपर्यंत माल द्यायचा असेल तर सातपुड्याचा घाट आला. जोडलेले बेंच टेम्पोत थोडेच बसतात. सुटे नेऊन तिथे जोडायचे तर कारागीर मुक्कामी पाठवावा लागतो. हा खर्च दरात धरला नाही तर काम मिळूनही हाती काही उरत नाही.

दर भरायची बीओक्यूची, म्हणजे मालाच्या यादीची, एक्सेल फाइल पोर्टलवरूनच उतरवा. मॅक्रो (फाइलमधले आपोआप चालणारे आदेश) चालू करा, फक्त उघडे कप्पे भरा आणि फाइलचं नाव अजिबात बदलू नका. ओळख पटावी म्हणून आपलं नाव जोडलं, तर पोर्टल फाइल घेत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळं चढवून झालं तरी निविदा गेलेली नसते. शेवटी 'फ्रीज बिड सबमिशन'चं बटण दाबावं लागतं. माझी पहिली निविदा इथेच हुकली. मे महिना, शेवटचा दिवस, कागदांचा आणि दरांचा असे दोन्ही लिफाफे चढले, मी निर्धास्त होऊन जेवायला गेलो. परत आलो तेव्हा मुदत संपली होती. दोन आठवडे बसून काढलेले दर तसेच राहिले.

म्हणून दोन दिवस आधीच भरा. बयाणा एनईएफटीने भरणार असाल तर आणखी आधी, कारण पैसे जमा दिसायला वेळ लागतो. मुदत पोर्टलच्या घड्याळाप्रमाणे मोजतात, आपल्या मोबाइलच्या नाही. फ्रीज केल्यावर बिडचा क्रमांक आणि वेळ असलेली पावती येते. ती छापून फाइलला लावा, मगच टोकन काढा.