नागपुरात ट्युलिप फुलवायचा असेल तर

ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांतला. लांब, गार हिवाळा भोगल्याशिवाय त्याचा दांडा नीट वर येत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दुपारी पुन्हा चटका. म्हणून मी कंदांना हिवाळा फ्रीजमध्ये देते.

सप्टेंबरअखेर कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवायचे, १२ ते १४ आठवडे. फ्रीझरमध्ये कधीच नाही. आणि त्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, पेरू अजिबात नको! पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं कंदाच्या पोटातली कळी मरते. पहिल्या वर्षी माझ्या बाराही कंदांना पानं आली, फूल एकही नाही. फार हळहळले होते मी. तेव्हापासून तीन महिने आमची फळं बाहेर टोपलीतच.

डिसेंबरअखेर लावणी. नुसती काळी माती पाणी धरते, कंद सडतो. म्हणून माती, जाड रेती आणि पालापाचोळ्याचं खत सारखं घ्या. टोक वर ठेवून चार-पाच इंच खोल लावा. गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारी सावली हवीच. वरची माती सुकली की पाणी.

फुलं फेब्रुवारीत. नंतर कंद जपू नका, आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते पुन्हा सहसा फुलत नाहीत. रिकाम्या कुंडीत फुटबॉल लिली लावा. तिला फ्रीज लागत नाही, मे महिन्यात लालभडक गोळा घेऊन ती आपणहून वर येते.