हापूस कोल्ड स्टोरेजला टाकताय? थंडीचा मार डाग पडायच्या आधी पकडा

मे महिन्यात आवक वाढून दर पडला की पेट्या कोल्ड स्टोरेजला टाकायचा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो, पण मंडळी, आंबा सफरचंदासारखा 1-2 डिग्रीला राहत नाही, 12-13 च्या खाली गेला की त्याला थंडी बाधते आणि आत असेपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. फळ हिरवंगार, टणक. बाहेर काढून आढीत घातलं की मग सालीवर राखाडी-तपकिरी चट्टे, बारीक खड्डे, एक गाल पिवळा एक हिरवाच, आणि हापूसचा तो वास नाहीच. तोवर पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते.

हे आधी कळायला क्लोरोफिल फ्लुरोसन्स मीटर कामाला येतो. फळ 20-30 मिनिटं अंधारात ठेवायचं, मग सालीवर प्रकाशाचा झोत मारायचा, सालीतलं हरितद्रव्य त्यातला थोडा प्रकाश लालसर करून परत सोडतं, तो मोजून एक आकडा मिळतो. निरोगी हिरव्या पानात तो 0.8 च्या आसपास असतो, फळाच्या सालीत जरा कमीही भरतो. थंडीने पेशी दुखावल्या की डाग दिसायच्या आधीच हा आकडा उतरायला लागतो. पण आंबा पिकतानाही तो उतरतोच, त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका, त्याच बागेतली त्याच दिवशी काढलेली चौदा आणे (म्हणजे जवळपास तयार, पण अजून हिरवी-टणक) फळं 13 डिग्रीला वेगळी ठेवा आणि त्यांच्याशी ताडून बघा.

दुसरं म्हणजे एनआयआर (निअर इन्फ्रारेड) मीटर, यात डोळ्याला न दिसणारा प्रकाश सालीतून थोडा आत जातो आणि पाणी, साखर, गराची ठेवण यानुसार कमीजास्त शोषला जातो, त्यावरून फळ न कापता आतल्या स्थितीचा अंदाज येतो. घेताना तो हापूसवर कॅलिब्रेट केलाय का हे आधी विचारा, दुसऱ्या जातीवरचा असेल तर आकडे चुकणार. आणि साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला म्हणून कोल्ड स्टोरेजवाल्याशी भांडू नका, त्याची सुरुवात बहुतेक झाडावरच झालेली असते.

ही मशीनं एकट्याला परवडणारी नाहीत, गटाने किंवा पॅकहाऊसने घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत निदान क्रेटच्या मधोमध स्वतःचा टेंपरेचर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) टाका, रूमच्या बाहेरच्या डिस्प्लेवर विसंबू नका, आणि दर आठवड्याला चार-पाच फळं काढून घरी पिकत घाला, त्यात चट्टे दिसले तर उरलेला माल लगेच बाहेर काढा.