अलाइनमेंट शिकायला आलात? आधी टायरवर हात फिरवा

नाशिकला सातपूरच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून मी अंबडकडच्या एका टायरच्या दुकानात लागलो. सगळी ओढ होती अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजून नीट लावायच्या, मशीनची. उस्तादांनी तीन आठवडे तिला हातच लावू दिला नाही. काढलेल्या टायरांच्या ढिगापाशी बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट, हात फिरव."

आता नवी पोरं येतात, त्यांनाही मी आधी तिथेच बसवतो. तळहात टायरवर आडवा फिरवायचा. बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीचे दात लागत असतील, तर टो बिघडलाय, म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलंय. आतून बाहेर येताना टोचलं तर टो-इन (चाकाची पुढची बाजू आत) जास्त, बाहेरून आत जाताना टोचलं तर टो-आउट (पुढची बाजू बाहेर). काहीच टोचत नाही पण एकच कड सपाट खाल्लीय, तर कॅम्बरकडे, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या झुकावाकडे बघा. आतली कड गेली असेल तर चाक वरून आत झुकलंय. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. कॅस्टरने (बाजूने पाहिलं तर स्टिअरिंगचा आस पुढे-मागे किती कललाय तो कोन) टायर फारसा खात नाही, गाडी एका बाजूला ओढते.

टायर सगळ्यात लवकर खातो तो टो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटरने तिरकी असेल, तर अंशाच्या हिशेबात ती जेमतेम १७ मिनिटं होतात (एका अंशाची ६० मिनिटं). डोळ्याला दिसतही नाही. पण ते चाक दर किलोमीटरला ५ मीटर आडवं घासतं. नाशिक ते मुंबई, साधारण १६५ किलोमीटर धरले, तर आठशे मीटरहून जास्त. हा हिशेब एकदा वहीत मांडून बघा, मग टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा, यानेच टो लावतात) अर्धा आटा फिरवतानाही हात जपून चालतो.

माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगतो. पिंपळगाव बसवंतचे एक काका डाव्या टायरची आतली कड खाल्लेली गाडी घेऊन आले. नवा टायर टाकला, मी टो लावला, स्क्रीनवर सगळं हिरवं झालं, प्रिंट हातात दिली. दीड महिन्यात काका परत आले आणि नव्या टायरची तीच कड गेलेली. उस्तादांनी गाडी वर घेतली, चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. टक! टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यात, प्ले (सैलपणा) होता. रॅम्पवर उभ्या गाडीत आकडा बरोबर येत होता, रस्त्यावर चाक कसंही वळत होतं. "चाक हलवून पाहिलं होतंस का?" एवढंच त्यांनी विचारलं. काकांचा नवा टायर माझ्या घाईने गेला, हे मला अजून लागतं.

म्हणून क्रम सोडू नका. हवा, मग प्ले. नऊ-तीनवर धरून हलवलं की टाय रॉड कळतो, बारा-सहावर धरून बेअरिंग आणि बॉल जॉइंट. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश टॉर्चने बघा. स्टिअरिंग सरळ लॉक केल्याशिवाय टो लावू नका, नाहीतर गाडी सरळ जाईल आणि स्टिअरिंग वाकडं दिसेल. शेवटी लॉकनट आवळून आकडा पुन्हा बघा; आवळताना तो सरकतो.

बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर लावायला बोल्टच नसतो, मागचा ॲक्सल तर बहुधा जसा आहे तसाच. पावसाळ्यात खड्ड्यात आदळून आलेल्या गाडीचा कॅम्बर स्क्रीनवर लाल दिसला, तर आर्म किंवा स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब) वाकलाय का ते शोधा आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. नुसता टो लावून पैसे घेऊ नका.

पहिल्या महिन्यात मशीन मिळाली नाही तरी टायर रोज निघतातच. प्रत्येकावर खडूने आपला अंदाज लिहा, मग गाडी मशीनवर चढल्यावर आकडा विचारून घ्या. माझे पहिल्या आठवड्यात निम्मे चुकले होते.